जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन विक्रीतील फसवणूक

जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन विक्रीतील फसवणूक म्हणजे लिलावाची संकेतस्थळे, वर्गीकृत जाहिरातींची संकेतस्थळे आणि समाजमाध्यमे यांच्यामार्फत जुनी अथवा दुर्मीळ नाणी विकण्याच्या वा विकत घेण्याच्या निमित्ताने केली जाणारी आर्थिक फसवणूक होय. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात विक्रेता बनावट, फेरफार केलेले किंवा सामान्य नाणे दुर्मीळ असल्याचे सांगून विकतो आणि नुकसान खरेदीदाराचे होते. दुसऱ्यात तोतया खरेदीदार घरातल्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ करतो आणि व्यवहारापूर्वी नोंदणी शुल्क, कर किंवा दलाली यांच्या नावाखाली नाणे बाळगणाऱ्याकडूनच पैसे उकळतो.

नाणेसंग्राहकांच्या वर्तुळात पहिल्या प्रकाराची चर्चा अधिक होते. दुसऱ्या प्रकाराचा फटका मात्र नाणेसंग्रहाशी संबंध नसलेल्या लोकांना बसतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जनतेला दिलेला सावधगिरीचा इशारा याच प्रकाराविषयी होता. चामोर्शीसारख्या गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी नाण्याची पारख करून घेण्याची सोय जवळपास नसते. तेथे हा दुसरा प्रकार अधिक घातक ठरू शकतो.

पार्श्वभूमी

भारतात जुन्या नाण्यांचा व्यापार दीर्घकाळ सराफ, जुन्या बाजारातील विक्रेते, नाणेप्रदर्शने आणि लिलावगृहे यांच्यापुरता मर्यादित होता. घेणारा आणि देणारा समोरासमोर असत. नाणे हातात घेऊन त्याचे वजन, नाद व झीज पाहता येत असे.

इंटरनेटवरील लिलावामुळे ही स्थिती बदलली. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या संकेतस्थळावर नाणी हा सुरुवातीच्या काळापासून लोकप्रिय विभाग होता. भारतात २००० च्या सुमारास बाजी.कॉम हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. ईबेने ते २००४ मध्ये विकत घेतले. ईबे इंडियाचे कामकाज २०१८ मध्ये बंद झाले. तोपर्यंत जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री वर्गीकृत जाहिराती, फेसबुकवरील गट, व्हॉट्सॲप व यूट्यूबवरील चित्रफिती यांच्याकडे बऱ्याच प्रमाणात वळली होती. लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रेत्याचा पूर्वेतिहास, खरेदीदारांचे अभिप्राय आणि पैसे परत मिळण्याची काही व्यवस्था असते. समाजमाध्यमांवरील व्यवहारात यांपैकी बहुधा काहीच नसते.

बनावट नाण्यांच्या विक्रीचे प्रकार

ओतीव नक्कल : खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओतला जातो. टांकसाळीत ठशांच्या दाबाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे रेखीव उठतात. ओतीव नाण्यावर ती बोथट दिसतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे आढळतात आणि कडेवर दोन साच्यांच्या जोडाची रेघ राहू शकते.

सन बदललेली नाणी : सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे, तर १९३८ चा सहज मिळतो. त्यामुळे अंक कोरून किंवा चिकटवून सन बदलल्याची उदाहरणे संग्राहकांना परिचित आहेत. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरील हत्तीची आकृती डुकरासारखी दिसते, अशी ओरड झाली होती. पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी सुमारे ७ लाखच चलनात गेली आणि उरलेली वितळवण्यात आली. या रुपयाला मागणी असल्याने त्याच्याही नकला निघतात.

कल्पित नाणी : जी नाणी कोणत्याही सत्तेने कधी पाडलीच नाहीत, अशी ‘नाणी’ या गटात मोडतात. एका बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ व १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल, तर दुसऱ्या बाजूला रामदरबार, हनुमान किंवा ॐ असलेले तांब्या-पितळेचे तुकडे हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. अशा अनेक तुकड्यांवर इंग्रजीत ‘एक आणा’ असे मूल्य असते. ब्रिटिश भारतात एक आण्याचे स्वतंत्र चलनी नाणे प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूत आले. देवघरात ठेवण्यासाठी किंवा यात्रेत विकण्यासाठी केलेल्या या मुद्रा मुळात फसवणुकीच्या हेतूने केलेल्या असतातच असे नाही. त्या पुरातन नाणी म्हणून विकल्या जातात तेव्हा फसवणूक होते.

शिवकालीन नाण्यांच्या नकला : छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आहे. तांब्याची शिवराई त्यामानाने पुष्कळ आढळते, कारण ती पेशवाईत आणि त्यानंतरही दीर्घकाळ चलनात राहिली. अस्सल नाण्यांवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’ ही अक्षरे असतात, महाराजांचे चित्र नसते. महाराजांची छबी, वाघनख किंवा राजमुद्रेचा संपूर्ण श्लोक असलेली गोल, गुळगुळीत नाणी ही आधुनिक स्मृतिचिन्हे होत.

बनावट प्रमाणन : पीसीजीएस (स्थापना १९८६) आणि एनजीसी (स्थापना १९८७) या अमेरिकी संस्था नाणे तपासून, दर्जा ठरवून, मोहोरबंद पारदर्शक डबीत देतात. या डब्या आणि त्यांवरील चिठ्ठ्यांच्याही नकला होतात. डबीवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मात्र नक्कल करणाऱ्याने खऱ्या नाण्याचाच क्रमांक वापरलेला असू शकतो. त्यामुळे क्रमांकाबरोबर तेथील छायाचित्रही जुळवून पाहावे लागते.

लिलावातील हातचलाखी : विक्रेत्याच्याच हस्तकाने बोली वाढवत नेणे, दुसऱ्याच्या संग्रहातील नाण्याचे छायाचित्र लावून वेगळे नाणे पाठवणे, तसेच खरेदीदाराने खरे नाणे ठेवून घेऊन परतीत बनावट नाणे पाठवणे हे प्रकार यात येतात.

तोतया खरेदीदारांची फसवणूक

या प्रकाराची सुरुवात बहुधा जाहिरातीने किंवा चित्रफितीने होते. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच वा दहा रुपयांचे नाणे, गेंड्याचे चित्र असलेले पंचवीस पैसे, ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट किंवा ‘७८६’ हा आकडा असलेली नोट यांना लाखो रुपये मिळतात, असा दावा केला जातो. प्रत्यक्षात ही नाणी व नोटा मोठ्या संख्येने निघालेल्या आहेत. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेल्या नाण्यांवर २०१२ हे साल असून ती वैध चलन आहेत. दुकानात त्यांची किंमत पाच किंवा दहा रुपये एवढीच आहे.

नाणे बाळगणाऱ्याने संपर्क साधल्यावर पुढील टप्पे साधारणतः एकाच क्रमाने येतात.

१. नाण्याचे छायाचित्र मागवून ते ‘मंजूर’ झाल्याचे सांगितले जाते आणि मोठी रक्कम ठरवली जाते.
२. विक्रेता म्हणून नोंदणीसाठी काही शेकडा ते काही हजार रुपये मागितले जातात. आधार कार्ड, पॅन कार्ड व बँक पासबुकाची छायाचित्रे घेतली जातात.
३. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह असलेले ‘ना हरकत प्रमाणपत्र’ किंवा ‘मंजुरीपत्र’ पाठवले जाते.
४. वस्तू व सेवा कर, आयकर, विमा, वाहतूक, ‘खाते सुरू करण्याचा खर्च’ अशी नवनवी कारणे सांगून रकमा वाढवत नेल्या जातात. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून पुढची रक्कम भरली जाते.
५. पैसे भरणे थांबले की संपर्क तोडला जातो किंवा ‘काळ्या पैशाचा गुन्हा दाखल होईल’ अशी धमकी दिली जाते.

या साखळीत नाण्याची भूमिका आमिषापुरतीच असते. तोतया खरेदीदार ते नाणे कधी ताब्यातही घेत नाही. त्यामुळे नाणे खरे आहे की खोटे, या प्रश्नाला येथे महत्त्व उरत नाही. खरा खरेदीदार विक्रेत्याला पैसे देतो, त्याच्याकडून आगाऊ पैसे घेत नाही, ही या प्रकाराची सर्वांत सोपी कसोटी होय.

काही वेळा नोंदणी शुल्काऐवजी क्यूआर कोड पाठवून ‘पैसे मिळवण्यासाठी’ तो स्कॅन करण्यास सांगितले जाते. यूपीआय व्यवहारात पिन केवळ पैसे देताना लागतो, पैसे स्वीकारताना लागत नाही. दूरस्थ नियंत्रणाचे ॲप मोबाइलमध्ये घेण्यास सांगून थेट बँक खाते रिकामे करण्याचे प्रकारही याच मालिकेत येतात.

‘राईस पुलर’ : याच्याशी जवळचे नाते असलेला एक जुना प्रकार ‘राईस पुलर’ या नावाने ओळखला जातो. वीज पडल्यामुळे तांब्याच्या नाण्यात किंवा भांड्यात ‘इरिडियम’ची शक्ती आली असून ती तांदळाचे दाणे ओढून घेते, आणि परदेशी अंतराळसंस्था त्यासाठी कोट्यवधी रुपये देते, असे सांगितले जाते. वर उल्लेखिलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी’ची कल्पित नाणी येथे वारंवार वापरली जातात. प्रात्यक्षिकात लोहचूर्ण लावलेले तांदूळ आणि लपवलेले चुंबक यांचा वापर होतो. ‘शास्त्रज्ञांच्या तपासणी’च्या खर्चाच्या नावाने पैसे घेतले जातात. वीज पडल्याने तांब्याचे इरिडियम होत नाही आणि इरिडियम तांदूळ ओढत नाही.

रिझर्व्ह बँकेचा इशारा

ऑगस्ट २०२१ मधील प्रसिद्धिपत्रकात रिझर्व्ह बँकेने पुढील बाबी स्पष्ट केल्या. काही घटक बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क, दलाली किंवा कर मागत आहेत. बँक अशा व्यवहारांत सहभागी नसते आणि त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही. असे शुल्क आपल्या वतीने घेण्याचा अधिकार बँकेने कोणतीही संस्था, कंपनी किंवा व्यक्ती यांना दिलेला नाही.

भारतात नाणी पाडण्याचा अधिकार नाणे अधिनियम २०११ अन्वये केंद्र सरकारकडे आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींत नाणी पाडली जातात आणि रिझर्व्ह बँक ती वितरित करते. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ती बाळगणे गुन्हा नाही आणि ती विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरजही नाही. म्हणून ‘परवानगीपत्र’ दाखवले जाणे हीच संशयाची खूण ठरते.

गडचिरोली व चंद्रपूर परिसर

वैनगंगेच्या खोऱ्यातील चामोर्शी तालुका पूर्वी चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तालुक्यातील मार्कंडा येथील मंदिरसमूह प्रसिद्ध आहे. हा भाग नाणकशास्त्रात अपरिचित नाही. चांदा जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात सापडलेला सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा संचय अभ्यासकांच्या लिखाणात ‘चांदा संचय’ म्हणून उल्लेखिला जातो. पोटीन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू. ‘शेतात पुरातन नाणे सापडले’ हे विधान या भागात अशक्य कोटीतील नाही. त्याचाच उपयोग फसवणूक करणारे करून घेऊ शकतात.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील कुटुंबांकडे जुनी नाणी असण्याचे दुसरे कारण म्हणजे दागिने. चांदीचे रुपये व त्यांचे भाग ओवून केलेल्या माळा गोंड व इतर समाजांतील स्त्रिया वापरत आल्या आहेत. कडी जोडलेल्या किंवा छिद्र पाडलेल्या नाण्याला संग्राहकांच्या बाजारात फारशी किंमत येत नाही. त्याचे मूल्य मुख्यतः चांदीचे असते. हे मूल्य घरबसल्या काढता येते. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या प्रमाण रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि शुद्धता ९१.७ टक्के होती. त्यामुळे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. अर्ध्या रुपयात ५.३ ग्रॅम आणि पाव रुपयात २.७ ग्रॅम चांदी येते. १९४० पासून शुद्धता ५० टक्क्यांवर आणली गेली, तर १९४७ चे रुपये निकेलचे आहेत. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणाकार केला की सामान्य नाण्याची किमान किंमत कळते. या किमतीच्या कित्येक पट देऊ करणारा आणि कमी वजनाचे नाणे ‘अस्सल’ म्हणून विकणारा, असे दोघेही या हिशेबाने उघडे पडतात.

पारखीसाठीच्या संस्था या परिसरापासून दूर आहेत. सर्वांत जवळचे मोठे संग्रहालय म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजब बंगला. नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे मुद्रा संग्रहालय राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. मुद्रा संग्रहालय हे प्रदर्शनाचे ठिकाण असून नाणी खरेदीचे केंद्र नाही.

जमिनीत सापडलेली नाणी

जमिनीत पुरलेले नाणे विकण्यापूर्वी कायद्याचा वेगळा प्रश्न उभा राहतो. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ नुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ती न दिल्यास शोधणाऱ्याचा हिस्सा जप्त होऊ शकतो आणि शिक्षाही होऊ शकते. रीतसर कळवल्यास मात्र शोधणाऱ्याला मोबदल्याचा हक्क मिळू शकतो.

पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ‘पुरावस्तू’ या व्याख्येत येते. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो. खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. निर्यातीच्या गुन्ह्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे ‘परदेशी संग्राहकाला थेट कुरिअरने पाठवा’ असा प्रस्ताव खरा असला, तरी तो मान्य करणे भारतीय विक्रेत्यासाठी गुन्हा ठरू शकते. संचयातील एकेक नाणे विकले गेले की ज्ञानाचीही हानी होते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या संचयात क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी होती. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवलेला होता. संचय एकत्र अभ्यासता आल्यामुळेच नहपानाच्या पराभवाचा तो ठळक पुरावा ठरला.

नियंत्रणाच्या व्यवस्था

संकेतस्थळांची जबाबदारी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ७९ नुसार संकेतस्थळ हे ‘मध्यस्थ’ मानले जाते आणि ठरावीक दक्षता पाळल्यास वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल त्याला दायित्वातून सूट मिळते. बाजी.कॉमवरील एका आक्षेपार्ह चित्रफितीच्या जाहिरातीवरून २००४ मध्ये कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला अटक झाली होती. त्यानंतर मध्यस्थांच्या दायित्वावर बरीच चर्चा होऊन २००८ च्या दुरुस्तीने हे कलम नव्या स्वरूपात आले. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार (२०१५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रत्यक्ष माहिती’ याचा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना असा लावला. परिणामी, एखाद्या संग्राहकाने ‘हे नाणे बनावट आहे’ असे कळवले, तरी केवळ तेवढ्यावरून जाहिरात काढलीच पाहिजे, असे बंधन संकेतस्थळावर सहसा येत नाही. मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच देणे आणि ठरावीक मुदतीत ती निकाली काढणे अपेक्षित आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळाने विक्रेत्याकडून वस्तूचे वर्णन व छायाचित्र खरे असल्याची हमी घ्यावी लागते. हे नियम नियमित व्यवसाय न करणाऱ्या खासगी व्यक्तीच्या व्यवहाराला लागू होत नाहीत. ‘आजोबांच्या पेटीत सापडले’ असे लिहून नाणी विकणारा विक्रेता या पळवाटेचा आधार घेऊ पाहतो.

संग्राहकांची देखरेख

बनावट नाणे ओळखण्याचे ज्ञान पोलिसांपेक्षा किंवा संकेतस्थळाच्या कर्मचाऱ्यांपेक्षा संग्राहकांकडे अधिक असते. अमेरिकेत ईबेने २००० नंतरच्या दशकात जाणकार संग्राहकांची मदत घेतली. संशयास्पद नोंदी तपासून ते संकेतस्थळाला कळवीत. २०१२ मध्ये ईबेने प्रतिकृती नाण्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तेथील १९७३ च्या छंद संरक्षण कायद्यानुसार प्रतिकृतीवर ‘प्रत’ अशा अर्थाचा शब्द कोरणे बंधनकारक आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अशा विक्रीला जाणूनबुजून साहाय्य करणाऱ्यांपर्यंत ही जबाबदारी वाढवण्यात आली. भारतात संग्राहक हे काम आपापल्या मंडळांतून व समाजमाध्यमांवरील गटांतून अनौपचारिकपणे करतात. या देखरेखीची मर्यादा अशी की ती खोटे नाणे ओळखू शकते, खोटा खरेदीदार नाही.

फौजदारी कायदा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीसाठी सात वर्षांपर्यंत आणि कलम ३१९ मध्ये तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीसाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. संगणकीय साधन वापरून केलेल्या तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-ड लागू होते. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खोटी नाणी पाडण्याचा गंभीर गुन्हा संहितेच्या कलम १७८ मध्ये आहे, परंतु त्याचा रोख पैसा म्हणून चालणाऱ्या नाण्यांवर आहे. शिवराईसारख्या चलनबाह्य नाण्याची नक्कल खरी म्हणून विकणे हा प्रामुख्याने फसवणुकीचा गुन्हा ठरतो.

तक्रारीची पद्धत

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवता येते. तक्रारीतील व्यवहार क्रमांकावरून संबंधित बँकांना सूचना जाते आणि रक्कम पुढे काढली गेली नसेल तर ती गोठवली जाते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर औपचारिक तक्रार नोंदवावी लागते. गोठवलेली रक्कम साधारणतः न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते. फसवणुकीचे पैसे काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवले जात असल्याने पहिल्या काही तासांना विशेष महत्त्व असते. स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असल्यास नुकसानीची भरपाई बँकेकडून मिळणे कठीण असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकानेच सोसायचे असते. हेही लवकर कळवण्याचे एक कारण आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते. त्यामुळे फोन करणारा परराज्यातील असला, तरी चामोर्शीतील तक्रारदाराला तेथे जावे लागत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. संदेश, ध्वनिमुद्रण, खोटी पत्रे आणि व्यवहाराच्या पावत्या मूळ मोबाइलमध्ये तशाच ठेवणे पुराव्याच्या दृष्टीने आवश्यक असते. लाजेपोटी संभाषण पुसून टाकल्यास तपास अवघड होतो.

बनावट नाणे विकत घेतलेल्या व्यक्तीला याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक १९१५ हा आहे. तोतया खरेदीदाराने फसवलेली व्यक्ती मात्र विक्रेत्याच्या भूमिकेत असते. त्यामुळे तिच्यासाठी मुख्य मार्ग पोलीस तक्रारीचाच राहतो.

मर्यादा

एकेका प्रकरणातील रक्कम अनेकदा लहान असते, तक्रारदार व आरोपी वेगवेगळ्या राज्यांत असतात आणि पैसे भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांत जमा होतात. जाहिरात काढली गेली, तरी दुसऱ्या नावाने ती पुन्हा लावता येते. ‘एवढ्या मोठ्या रकमेच्या लोभाने फसलो’ या संकोचामुळे काही जण तक्रार करत नाहीत. बनावट नाण्यांवरील देखरेख ही मुख्यतः तज्ज्ञांची बाब आहे. तोतया खरेदीदारांपासूनचे संरक्षण मात्र साध्या माहितीवर अवलंबून आहे. नाण्याची वास्तव किंमत, रिझर्व्ह बँकेची भूमिका आणि विक्रेत्याने पैसे भरायचे नसतात हा नियम, एवढी माहिती त्यासाठी पुरेशी ठरते.

हे सुद्धा पहा

नाणकशास्त्र
शिवराई
होन
भारतीय रुपया
सायबर गुन्हा
चामोर्शी तालुका